बापाच्या भूमिकेतलं न्यायालय : माया, हक्क आणि हिशेब

आजचा विषय कायद्याचा वाटेल, पण मी कायद्याचा माणूस नाही. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा कलमांच्या बारकाव्यांत मी फार शिरणार नाही. मला एका जुन्या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. गुन्हा करणारा माणूस लहान असेल, तर न्यायालयाने त्याच्याशी कसं वागायचं? आणि 'लहान' कोण, हे कुणी ठरवायचं?

हा इतिहास मी अमेरिकेतल्या राज्यांच्या न्यायालयांवरून सांगणार आहे. आपल्याकडे फौजदारी कायदा बहुतांशी देशभर एकच असतो. तिथे तसं नाही. पन्नास राज्यांचे पन्नास फौजदारी कायदे आणि पन्नास न्यायव्यवस्था. चोरी, मारामारी, खून असे बहुतेक गुन्हे राज्याच्याच न्यायालयात चालतात. त्यामुळे एकाच प्रश्नावर पन्नास प्रयोग झाले आणि त्यांची दप्तरं उपलब्ध आहेत. विचार करणाऱ्याला याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार?

पण सुरुवात आपल्या घरातून करू. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. चोर त्यांच्या आश्रमात लपले, राजाच्या शिपायांनी ऋषींनाही चोरांबरोबर पकडलं आणि सुळावर चढवलं. पुढे मांडव्यांनी यमधर्माला विचारलं, की माझ्या कोणत्या कर्माचं हे फळ? यमधर्म म्हणाला, तू लहानपणी किड्यांना गवताची काडी टोचली होतीस. मांडव्य संतापले. एवढ्याशा पोरवयातल्या कृत्याला एवढी शिक्षा? त्यांनी यमधर्मालाच शाप दिला, की तू मनुष्ययोनीत जन्म घेशील. तोच विदुर. आणि त्यांनी मर्यादा घालून दिली, की चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याचं पातक लागणार नाही.

या कथेत दोन गोष्टी आहेत. एक, मुलाच्या कृत्याला मोठ्याचं माप लावणं हा अन्याय आहे. ही सगळ्यांच्या लक्षात राहते. दुसरी सहसा निसटते. मांडव्य न्याय देणाऱ्याकडेच हिशेब मागतात. 'का?' असं विचारतात, आणि उत्तर पटलं नाही तेव्हा खुद्द धर्मालाही सोडत नाहीत. आजचं सगळं व्याख्यान या दुसऱ्या गोष्टीभोवती आहे.

आता इंग्लंडचा रूढ कायदा घ्या. तिथेही आकडा चौदाच होता. सात वर्षांच्या आतल्या मुलाला गुन्हेगारी हेतू असूच शकत नाही. सात ते चौदा या वयात तो नसतो असं धरून चालायचं, पण सरकार पक्षाला उलट सिद्ध करायची मुभा. चौदाच्या पुढे तो मोठाच. हाच कायदा अमेरिकेत गेला. आपल्या १८६० च्या दंड संहितेतही त्याची छाया होती. सात वर्षांखालच्या मुलाचा गुन्हाच नाही, सात ते बारामध्ये समज बघायची.

पण हा फक्त जबाबदारीचा हिशेब झाला. न्यायालय एकच, तुरुंगही एकच. जबाबदार ठरलेलं बारा वर्षांचं पोर मुरलेल्या दरोडेखोरांच्या शेजारी कोंडलं जायचं. ते पाहून काही सुधारकांनी १८२५ मध्ये न्यूयॉर्कला मुलांसाठी वेगळं 'आश्रयगृह' काढलं. फिलाडेल्फियातही तसं एक निघालं. हेतू चांगला होता. मात्र तिथे गुन्हा केलेली मुलंच नव्हेत, तर अनाथ, भटकी, 'हाताबाहेर गेलेली' मुलंही ठेवली जाऊ लागली.

१८३८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मेरी ॲन क्राऊस नावाच्या मुलीचं प्रकरण आलं. वागणूक वाईट अशी आईने तक्रार केली, म्हणून तिला आश्रयगृहात ठेवलं होतं. वडिलांनी तिच्या सुटकेसाठी अर्ज केला. माझ्या मुलीचा खटला चाललेला नाही, मग तिला कोंडता कसं? न्यायालयाचं उत्तर होतं, की हा तुरुंग नाही, ही शाळा आहे. आणि आईबाप असमर्थ ठरले, तर राज्य हेच मुलांचं पालक. 'पॅरेन्स पॅट्रिए' हे त्या तत्त्वाचं लॅटिन नाव. मूळ इंग्लंडमधलं, राजा हा प्रजेतल्या असहाय्यांचा बाप, या कल्पनेतून आलेलं.

इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाला जॉन लॉक आठवतो. लॉकने सतराव्या शतकातच म्हटलं होतं, की बापाची मुलावरची सत्ता ही मालकी नव्हे. ती मुलाच्या भल्यापुरती आणि मूल जाणतं होईपर्यंतच असते. आपल्या भाषेत, बाप हा विश्वस्त. बरं, विश्वस्त म्हटला की त्याला हिशेब द्यावा लागतो. देवस्थानचा असो की शाळेचा, वही दाखवावी लागते. राज्याने बापाची सत्ता घेतली. वही मात्र कुणाला दाखवली?

नाही म्हणायला, १८७० मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न विचारला होता. डॅनियल ओकॉनेल नावाच्या मुलाला कोणताही गुन्हा नसताना शिकागोच्या सुधारशाळेत ठेवलं होतं. न्यायालयाने त्याला सोडलं. मुलालाही स्वातंत्र्य असतं, निव्वळ दुर्दैवी आहे म्हणून त्याला कोंडता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. पण तो काळाच्या पुढचा ठरला. बाकी देशाने क्राऊसचाच रस्ता धरला.

आणि मग १८९९. त्याच इलिनॉयमध्ये, शिकागोत, अमेरिकेतलं पहिलं बालन्यायालय सुरू झालं. यामागे बायकांची चळवळ होती. ल्यूसी फ्लॉवर, ज्यूलिया लॅथ्रॉप, शिकागो वुमन्स क्लब, आणि जेन ॲडम्स यांच्या हल हाऊसमधली मंडळी. कायद्याने सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी सुनावणी ठेवली आणि परिवीक्षा अधिकारी नेमायला सांगितलं, पण त्यांच्या पगाराला सरकारी पैसा दिला नाही. तो या बायकांनी वर्गणी गोळा करून उभा केला. संस्था उभ्या राहतात त्या अशा.

या न्यायालयाने भाषाच बदलली. मुलावर 'आरोपपत्र' नाही, त्याच्यासाठी 'अर्ज'. 'खटला' नाही, 'सुनावणी'. 'शिक्षा' नाही, 'व्यवस्था'. न्यायाधीश उंच आसनावर न बसता मुलाजवळ टेबलाशी बसेल. वकील नको, कारण भांडणच नाही. बापाशी बोलताना मुलगा वकील आणतो का? शिकागोचेच न्यायाधीश ज्यूलियन मॅक यांनी १९०९ मध्ये एका गाजलेल्या लेखात हा विचार मांडला. मुलाने अमुक कृत्य केलं की नाही, हा मुख्य प्रश्नच नव्हे. तो कोण आहे, असा का झाला आणि त्याच्या भल्यासाठी काय करावं, हे बघायचं.

कल्पना इतकी मोहक होती, की १९२५ पर्यंत दोन राज्यं सोडून सगळीकडे बालन्यायालयं झाली. वारं आपल्याकडेही आलं. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची मुलांची सुधारसंस्था १८५७ पासून होतीच. पण मुलांसाठी स्वतंत्र कायदे झाले ते मद्रासमध्ये १९२०, बंगालमध्ये १९२२ आणि मुंबई इलाख्यात १९२४ साली. आपल्या तोंडचा 'रिमांड होम' हा शब्द त्याच वळणाचा. आपल्या लहानपणी आईबाप आपल्याला कशाची भीती घालायचे, आठवा. 'रिमांड होममध्ये टाकीन हं!' जी जागा मायेने काढली, ती मुलांच्या मनात कशी बसली, ते त्या एका वाक्यात आहे.

आता वळू १९६४ कडे. ॲरिझोना राज्य, ग्लोब हे छोटं गाव. जेराल्ड गॉल्ट नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा. आधी एका पाकीटचोरीच्या वेळी तो चोरणाऱ्या मुलाबरोबर होता, म्हणून परिवीक्षेवर. ८ जूनला शेजारच्या एका बाईंनी तक्रार केली, की पोरांनी फोनवर अश्लील काहीबाही विचारलं. आईबाप कामावर. पोलिसांनी मुलाला उचललं. घरी चिठ्ठी नाही, निरोप नाही. संध्याकाळी आई आली तर मुलगा गायब. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांच्या दालनात सुनावणी झाली. कुणी शपथ घेतली नाही. कुणी लिहून घेतलं नाही. तक्रारदार बाई आल्याच नाहीत. आठवड्याने पुन्हा सुनावणी. आई म्हणाली, त्या बाईंना बोलवा, माझ्या मुलाने नेमकं काय म्हटलं ते कळू द्या. गरज नाही, असं उत्तर मिळालं. निर्णय काय, तर मुलाला राज्याच्या औद्योगिक शाळेत पाठवा, वयाची एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत.

म्हणजे जवळजवळ सहा वर्षं. आणि हेच कृत्य मोठ्या माणसाने केलं असतं तर? पाच ते पन्नास डॉलर दंड, किंवा जास्तीत जास्त दोन महिने कैद.

मुलाच्या बाजूने अपील करायची सोय ॲरिझोनाच्या कायद्यात नव्हती. आईबापांनी 'देहोपस्थिती'चा अर्ज केला. ऑगस्टमध्ये त्या अर्जावर सुनावणी झाली, तेव्हा जूनमध्ये कोण काय बोललं होतं हे प्रत्येकाला आठवून सांगावं लागलं. मुलाने काय कबूल केलं होतं? आईची आठवण वेगळी, न्यायाधीशांची वेगळी. कागद नाही. बघा, वहीच नाही! विश्वस्ताने सहा वर्षांचं आयुष्य ताब्यात घेतलं आणि त्याची नोंदसुद्धा ठेवली नाही.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं ग्राह्य धरलं. मग प्रकरण वॉशिंग्टनला गेलं. १५ मे १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो न्यायमूर्ती एब फोर्टस यांनी लिहिला. ज्या सुनावणीतून मुलाला संस्थेत डांबलं जाऊ शकतं, तिथे चार गोष्टी हव्यातच. आरोपाची वेळेवर सूचना. वकील, आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने. साक्षीदाराला समोरासमोर प्रश्न विचारायचा हक्क. आणि स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही. फोर्टस यांचा मुद्दा साधा होता. संस्थेला 'शाळा' म्हणा की आणखी काही, दार बाहेरून बंद होतं. केवळ मुलगा आहे म्हणून त्याचा न्याय वाऱ्यावर सोडता येत नाही.

१९७० मध्ये न्यूयॉर्कच्या एका बारा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात पुढचं पाऊल पडलं. ११२ डॉलरची चोरी. न्यायाधीशांनीच मान्य केलं होतं, की पुरावा कदाचित संशयापलीकडचा नसेल, पण मुलाच्या बाबतीत तेवढा लागत नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, लागतो. मोठ्याला लागतो तेवढाच लागतो. १९७१ मध्ये मात्र ज्युरीचा हक्क नाकारला गेला, बालन्यायालयाचं वेगळेपण थोडं तरी उरावं म्हणून.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. पण इतिहास सरळ चालत नाही. मुलांना मोठ्यांचे हक्क मिळाले, तसा एक वेगळाच सूर निघू लागला. हक्क मोठ्यांचे, मग शिक्षाही मोठ्यांच्या का नकोत? १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका पंधरा वर्षांच्या मुलाने दोन प्रवाशांचे खून केले. त्याला जास्तीत जास्त पाच वर्षं ठेवता येत होतं. लोक खवळले, निवडणुकीचं वर्ष होतं, आणि राज्याने कायदाच बदलला. खुनासाठी तेरा वर्षांच्या मुलावरही मोठ्यांच्या न्यायालयात खटला भरता येईल.

मुलाला मोठ्यांच्या न्यायालयात पाठवायच्या तीन वाटा आहेत, आणि फरक नीट समजून घ्या. पहिली वाट न्यायाधीशाची. तो सुनावणी घेतो, मुलाचं वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता पाहतो आणि कारणं देऊन पाठवतो. राजधानी वॉशिंग्टनमधल्या एका प्रकरणात १९६६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं, की सुनावणी आणि कारणं दिल्याशिवाय हे करता येणार नाही. दुसरी वाट सरकारी वकिलाची. फ्लोरिडासारख्या राज्यात खटला कुठे भरायचा हे अनेक गुन्ह्यांत तोच ठरवतो, त्याला कारण द्यावं लागत नाही. तिसरी वाट कायद्याची. अमुक गुन्हा, अमुक वय, की मूल आपोआप मोठं. तिथे मुलाकडे कुणी बघतच नाही. पहिल्या वाटेवर वही आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवर नाही.

१९९० च्या दशकात जवळजवळ सगळ्या राज्यांनी या वाटा रुंद केल्या. काही अभ्यासक सांगत होते, की आता निर्दय, पशुवत मुलांची एक पिढी येणार आहे. वर्तमानपत्रांनी ते उचललं. प्रत्यक्षात झालं उलटंच. त्याच दशकाच्या मध्यापासून मुलांचे हिंसक गुन्हे घटू लागले. भाकीत चुकलं, पण त्याच्या भीतीने केलेले कायदे राहिले. त्यांचा सर्वाधिक भार कृष्णवर्णीय मुलांवर पडला.

परतीचा प्रवास पुन्हा एका राज्याच्या न्यायालयातून सुरू झाला, हे मला महत्त्वाचं वाटतं. २००३ मध्ये मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने सतराव्या वर्षी खून केलेल्या एकाची फाशी रद्द केली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार मतांनी, ते उचलून धरलं. अठरा वर्षांखालच्या गुन्ह्याला देहदंड नाही. तोवर वीस राज्यांच्या कायद्यात तो होता! कारणं तीन. मुलाची समज अपुरी असते. तो संगतीच्या दडपणाला लवकर बळी पडतो. आणि त्याचा स्वभाव अजून घडायचा असतो. २०१० मध्ये खुनाखेरीजच्या गुन्ह्यांत मुलांची पॅरोलविना जन्मठेप बंद झाली. २०१२ मध्ये ठरलं, की खुनातही ती आपोआप देता येणार नाही, आधी त्या मुलाचं वय आणि परिस्थिती बघा. ती दोन्ही मुलं गुन्ह्याच्या वेळी चौदा वर्षांची होती.

लुइझियानाच्या हेन्री माँटगोमेरी यांनी १९६३ मध्ये, सतराव्या वर्षी, एका पोलीस अधिकाऱ्याचा खून केला. २०१६ मध्ये त्यांच्याच प्रकरणात ठरलं, की २०१२ चा नियम जुन्या कैद्यांनाही लागू होतो. तरी पॅरोल मंडळाने दोनदा नकार दिला. २०२१ मध्ये ते सुटले, पंचाहत्तराव्या वर्षी. म्हणजे माझ्या पिढीचा माणूस. आपण शिकलो, नोकऱ्या केल्या, निवृत्त झालो, तो सगळा काळ ते आत होते. मारल्या गेलेल्या माणसाच्या घरच्यांचं दुःख कमी होतं असं मी अजिबात म्हणत नाही. मी एवढंच विचारतो, की सतरा वर्षांचा जो मुलगा आत गेला, तोच पंचाहत्तरीत बाहेर आला का?

त्याच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालय जरा मागेही सरकलं. अशी शिक्षा देताना, हा मुलगा सुधारण्यापलीकडे गेला आहे, असा वेगळा निष्कर्ष नोंदवायची न्यायाधीशाला गरज नाही, असं ठरलं. पुन्हा वहीचाच प्रश्न! पण निम्म्याहून अधिक राज्यांनी आपापल्या कायद्याने ही शिक्षा मुलांसाठी बंदच केली आहे.

मध्यंतरात एक चिठ्ठी आली आहे : 'सर, एवढे हक्क दिले, आता तरी सगळं ठीक आहे ना?' उत्तर पेनसिल्व्हेनियाच्या ल्युझर्न परगण्यात आहे. तिथले बालन्यायाधीश मार्क सियावरेला मुलांना क्षुल्लक गोष्टींसाठी खाजगी कोठडीत पाठवत होते. ती कोठडी बांधणाऱ्याकडून आणि तिच्या एका मालकाकडून ते आणि त्यांचे सहकारी न्यायाधीश मायकेल कोनाहन यांच्याकडे लाखो डॉलर गेले होते. २००९ मध्ये हे उघड झालं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हजारो मुलांवरचे निर्णय पुसून टाकले आणि सियावरेलांना अठ्ठावीस वर्षांची शिक्षा झाली. तिथे अनेक मुलं वकिलाविना उभी राहिली होती. गॉल्टच्या निकालाला चाळीस वर्षं झाली होती. हक्क होता, कागदावर. मुलाच्या शेजारी खुर्ची रिकामी होती.

आता आपल्याकडे पाहू, कारण ही गोष्ट तिकडची राहिलेली नाही. २००० च्या कायद्याने आपण अठराची रेषा आखली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेतल्या एका आरोपीला अठरा पूर्ण व्हायला काही महिने कमी होते. त्याला तीन वर्षं विशेषगृहात ठेवलं गेलं, आणि देश संतापला. २०१५ चा कायदा आला. आता सोळा ते अठरा वयातल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं. त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती बघून त्याच्यावर मोठ्यांप्रमाणे खटला चालावा का हे ठरतं. फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप मात्र देता येत नाही. म्हणजे तीन वाटांपैकी आपण पहिली निवडली आहे, वही असलेली. हे चांगलं झालं. पण ती वही कशी लिहिली जाते, मूल्यमापन किती वेळ देऊन होतं, मुलाशेजारी जाणता वकील असतो का, यावर सगळं अवलंबून आहे.

२०२४ मध्ये पुण्यात भरधाव गाडीखाली दोन तरुण जीव गेले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट घातली गेली. तेव्हा आपण सगळे चिडलो. मीही चिडलो. चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत एकच मागणी, त्याला मोठा समजा. तो राग समजण्यासारखा होता. पण रागाच्या आतला खरा प्रश्न वयाचा नव्हता. लोक विचारत होते, की गरिबाच्या पोराला हीच माया मिळाली असती का? हा प्रश्न हिशेबाचा आहे. 'मोठा समजा' हे त्याचं उत्तर नाही, कारण त्या कायद्याने जी वाट उघडेल, तिच्यावर उद्या सर्वात जास्त पोरं वस्तीतलीच चालत जातील. अमेरिकेच्या राज्यांनी हे करून पाहिलं आहे.

समारोप करतो. सव्वाशे वर्षांत त्या राज्यांनी दोन टोकं पाहिली. एकदा म्हटलं, मूल आपलं आहे, मग हक्क कशाला? नंतर म्हटलं, हक्क दिले, मग मूल कसलं? दोन्हींत एकच चूक आहे. हक्क आणि बालपण यांतलं एकच मिळेल, असं धरून चालणं. पंधरा वर्षांच्या मुलाला वकीलही हवा आणि सुधारायची संधीही. त्याला सोडताना कारण द्या, कोंडताना कारण द्या, आणि 'आजपासून तू मोठा' असं ठरवताना तर सर्वात आधी द्या. त्या मुलाला कळेल अशा भाषेत द्या. मोठं होणं ही निसर्गाची गोष्ट आहे. मोठा ठरवणं ही सत्तेची आहे, आणि सत्तेने वही उघडी ठेवायची असते.

आता प्रश्न घेऊ.